पिकलेल्या फळांची घरगुती गोठवण

मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा कोकणातील बागायतदाराच्या घरात मोठ्या घाईचा असतो. पेट्या भरून बाजारात पाठविण्याचा काळ संपत आलेला असतो, भाव उतरलेले असतात आणि झाडावर राहिलेला आंबा पावसाच्या आत उतरून घ्यावा लागतो. हा आंबा माजघरात किंवा पडवीत पेंढ्याच्या आढीत घातला की काही दिवसांत तो एकदमच पिकू लागतो. पहिले दोन दिवस घरात रसाचे जेवण होते, पुढचे दोन दिवस शेजारीपाजारी वाटप होते आणि त्यानंतर आढीत हात घातला की बोटांना ओल लागू लागते. ज्या फळांसाठी मोहोर आल्यापासून फवारण्या व राखण केली, तीच अखेर उकिरड्यावर जातात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रतवारी करताना मोठे व निर्दोष फळ पेटीत जाते. लहान, खरचटलेले, उतरविताना आपटलेले किंवा उशिरा तयार झालेले फळ घरासाठी राहते. म्हणजे नासण्याची भीती ज्या फळास सर्वांत अधिक, नेमके तेच घरी उरते. अशा फळांचा आटवलेला रस, साठे आणि मुरांबा करण्याची रीत जुनी व उत्तम आहे. परंतु तिला ऊन, जळण व साखर लागते आणि आभाळ भरून आले की साठांचे काम थांबते. शीतकपाट, म्हणजे बोलीतील फ्रिज, आता खेडोपाडी पोहोचलेला असल्याने त्याच्या बर्फाच्या कप्प्यात फळ गोठवून ठेवण्याचा मार्ग पुष्कळ घरांना खुला झाला आहे. तथापि गोठवलेला रस काळा पडला, बेचव झाला, फोडींचे पाणी झाले, अशा तक्रारीही वारंवार ऐकू येतात. त्यांचे कारण बहुधा यंत्रात नसते. फळ कोणत्या दिवशी, किती व कशा रीतीने आत ठेवले, यात ते असते.

गोठवण काय करते आणि काय करीत नाही

फळ नासते ते मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे किण्व, बुरशी व जंतू यांची वाढ, आणि दुसरे म्हणजे फळात अंगचीच असलेली एन्झाइमे. कच्चे फळ पिकविण्यास जी एन्झाइमे साह्य करतात, त्यांपैकीच काही पुढे ते मऊ करतात, काळे करतात व त्याचा स्वाद पालटतात. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानास सूक्ष्मजंतूंची वाढ थांबते. परंतु ते सर्व मरत नाहीत, फळ वितळले की पुन्हा कामास लागतात. एन्झाइमांचे काम तर तेथेही पूर्ण थांबत नाही, ते केवळ फार मंद होते. यावरून उघड होते की, गोठवण हा बिघडलेल्या फळावरील उपाय नव्हे. ज्या दिवशी फळ गोठवावे त्या दिवसाचे फळ पुढे हाती येते. परिपूर्ण पिकलेले ठेवले तर परिपूर्ण मिळते आणि उतरू लागलेले ठेवले तर उतरू लागलेलेच मिळते. कच्चा आंबा आत ठेवून पुढे बाहेर काढल्यावर पिकत नाही, हेही सांगून ठेवलेले बरे.

पिकलेल्या आंब्यात सुमारे चार पंचमांश पाणी असते. हे पाणी साखर व आम्ल विरघळलेले असल्याने शून्य अंशास गोठत नाही, त्याहून खाली गेल्यावर गोठू लागते आणि तापमान उतरेल तसतसा त्याचा अधिकाधिक भाग बर्फ होतो. हे काम सावकाश झाले तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात व फळाच्या पेशींच्या भिंती फोडतात. अशी फोड वितळली की तिच्यातील रस बाहेर गळून पडतो आणि ताटलीत लिबलिबीत चोथा राहतो. काम वेगाने झाले तर स्फटिक बारीक राहतात व फोडीचा घट्टपणा बराच टिकतो. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकी गृहस्थाने १९१२ नंतरच्या काही वर्षांत उत्तर अमेरिकेतील लाब्राडोरच्या हिमप्रदेशात हाच फरक पाहिला होता. तेथील रहिवासी मासा पकडून बर्फाळ वाऱ्यात टाकीत, तो तत्काळ गोठे आणि पुष्कळ दिवसांनी शिजविला तरी ताज्यासारखा लागे. पुढे त्याने शीघ्र गोठवणीची यंत्रे केली आणि १९३० मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड शहरात गोठवलेल्या अन्नाची किरकोळ विक्री सुरू झाली. घरच्या कप्प्यात तो वेग साधत नाही. पण त्याच्या शक्य तितके जवळ जाता येते.

शीतकपाटाची पारख

एकदारी शीतकपाटातील बर्फाचा कप्पा आणि स्वतंत्र दार असलेला फ्रीजर यांत मोठा फरक असतो. पहिल्यात तापमान पुष्कळदा उणे सहा ते उणे बारा अंशांच्या दरम्यान राहते, दुसऱ्यात ते उणे अठरापर्यंत उतरते. भारतात शीतकपाटावर ताऱ्यांची जी चिठ्ठी चिकटविलेली असते ती विजेच्या बचतीची असते, कप्प्याच्या थंडपणाची नव्हे. पाच तारे पाहून कप्पा अधिक गार असेल असे समजू नये. तापमापक ठेवून पाहणे सर्वांत चांगले. तो नसल्यास आइस्क्रीमचा डबा रात्रभर आत ठेवावा. सकाळी ते दगडासारखे घट्ट असेल तर कप्पा पुरेसा गार आहे; चमचा सहज रुतत असेल तर तेथे फळ महिनाभरापलीकडे ठेवण्याचा विचार करू नये. उणे अठरा अंशांस नीट बांधलेले फळ आठ ते बारा महिने चांगले राहते.

एकाच वेळी किती फळ ठेवावे, याविषयी सर्वांत अधिक चूक होते. शंभर लिटर जागेच्या फ्रीजरमध्ये चोवीस तासांत तीन ते पाच किलोहून अधिक नवे फळ घालू नये, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. घरगुती शीतकपाटाचा कप्पा तीस लिटरांचा धरला तर दिवसास एक ते दीड किलो एवढाच हिशेब येतो. घरी मात्र दोन पेट्यांचा रस एका दुपारी काढून तो मोठ्या डब्यांत भरला जातो व डबे एकावर एक रचले जातात. अशा वेळी मधल्या डब्याचा गाभा दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही पातळच असतो आणि तेथे किण्वांना हवा तेवढा अवधी मिळतो. आंबूस वास येतो तो याच डब्याला.

डझनभर मध्यम हापूसचा सुमारे दीड ते पावणेदोन किलो रस निघतो. म्हणजे चार-पाच डझनांच्या एका पेटीस आठवडाभर लागणार. म्हणून योजना कप्प्यापासून न करता आढीपासून करावी. सर्व माल एकाच आढीत न घालता दोन-तीन दिवसांच्या अंतराने निरनिराळ्या आढ्या घालाव्यात, रोज चाळून पिकलेले फळ वेगळे काढावे आणि त्यातले त्या दिवशी मावेल तेवढेच गोठवावे. उरलेले पूर्ण पिकलेले फळ शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात तीन-चार दिवस सुखाने राहते. अपुरे पिकलेले फळ मात्र तेथे ठेवू नये. थंडीने त्याची साल काळवंडते आणि ते मग नीट पिकत नाही.

आंब्याचा रस व फोडी

गोठविण्यासाठी फळ असे निवडावे की ज्याची साल पिवळी झाली आहे, देठाशी सुवास आहे, अंगठ्याने हलके दाबले असता ते किंचित दबते पण खळगा राहत नाही. मार लागलेला भाग असल्यास तो भोवतीच्या थोड्या चांगल्या गरासह कापून टाकावा व उरलेले फळ त्याच दिवशी उपयोगात आणावे. ज्यावर बुरशी आली आहे, जे देठापासून आत काळे होत गेले आहे किंवा ज्यात फळमाशीची अळी आहे, ते फळ टाकूनच द्यावे. टाकताना जीव तुटतो हे खरे. परंतु एका फळाच्या लोभाने किलोभर रस घालविण्यात काटकसर नाही.

हापूसच्या बाबतीत साक्याकडे विशेष लक्ष द्यावे. हा दोष बाहेरून कळत नाही. फळ कापल्यावर बाठ्याजवळ पांढरट, भुसभुशीत, आंबट गर दिसतो, तोच साका. यास्तव फळे पातेल्यात एकदम न पिळता प्रत्येक फळ कापून, पाहून व थोडे चाखून मगच रस एकत्र करावा. साका थोडा असल्यास तेवढा भाग काढून टाकावा, अधिक असल्यास फळ बाजूस ठेवावे.

फळे धुऊन कोरडी करावीत आणि देठाकडची चकती प्रथम कापून टाकावी, म्हणजे चीक रसात उतरत नाही. भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा काचेची घ्यावीत. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट रस ठेवू नये. रायवळ किंवा पायरीचा रस चाळणीतून गाळून घ्यावा. हापूसला रेषा नसल्याने तो डावाने घोटला तरी पुरतो. मिक्सरमध्ये दीर्घकाळ फिरविलेल्या रसात हवा मिसळते व त्या हवेतील प्राणवायूने रंग आणि स्वाद दोन्ही उतरतात. घरी मिक्सरचीच सवय असेल तर थोडेच फिरवावे व फेस खाली बसू द्यावा.

रस भरण्यासाठी डब्यापेक्षा अन्नासाठीची जाड, झिपची पिशवी सोयीची. एका जेवणास लागेल तेवढा, म्हणजे चार-पाच माणसांच्या घरात अर्धा किलो रस एका पिशवीत भरावा. पिशवी उघड्या तोंडाने पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवीत न्यावी. पाण्याच्या दाबाने आतील हवा वर येऊन निघून जाते. तोंड पाण्याला लागण्यापूर्वी ते बंद करावे, पिशवी पुसावी व ताटात आडवी ठेवून रसाचा थर सुमारे दोन सेंटिमीटर जाडीचा करावा. पातळ थर जाड थरापेक्षा कितीतरी लवकर गोठतो, आणि घरगुती कप्प्यात वेग मिळविण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. पिशव्या कप्प्याच्या तळाशी किंवा भिंतीस टेकवून, एकीस दुसरी न चिकटेल अशा ठेवाव्यात. दगडासारख्या झाल्यावर त्या पुस्तकांप्रमाणे उभ्या लावता येतात व जागाही थोडी लागते. डबाच वापरावयाचा असल्यास वर दोन बोटे जागा रिकामी सोडावी, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. काठोकाठ भरलेली काचेची बरणी याच कारणाने तडकते.

फोडींसाठी फळ थोडे घट्ट असतानाच घ्यावे. सोलून दोन सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात, त्या ताटात एकेरी पसरून रात्रभर गोठवाव्यात आणि सकाळी पिशवीत भराव्यात. एकदम पिशवीत भरलेल्या फोडींचा एकच गोळा होतो व पुढे तो सुरीने फोडावा लागतो. किलोभर फोडींस शंभर ग्रॅम साखर चोळल्यास सुटलेला पाक फोडींवर बसतो व हवेला अडवितो. मात्र अशा फोडी ताटात न पसरता थेट पिशवीत पातळ थराने भराव्यात. ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांनी ती घालू नये, गोठवणीस ती आवश्यक नाही. प्रत्येक पिशवीवर फळाचे नाव व तारीख लिहावी. आज सर्व ओळखू येते, पण श्रावणात पायरी कोणती व रायवळ कोणता हे कोणालाच सांगता येत नाही.

ज्यांच्या घरी केवळ बर्फाचा कप्पा आहे त्यांनी रस भरण्यापूर्वी मंद आचेवर ढवळत सर्व बाजूंनी वाफ येईपर्यंत तापवून, पातेले गार पाण्यात ठेवून निववून घ्यावा. त्यायोगे एन्झाइमे निकामी होतात व कमी थंडीतही रंग टिकतो. ताज्या रसाचा सुवास यात थोडा कमी होतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

सीताफळ

आंबा आटवता येतो, वाळवता येतो. सीताफळाला असा दुसरा मार्ग जवळजवळ नाही. त्याचा गर तापविला की कडवट होतो, उघडा ठेवला की तपकिरी पडतो, आणि फळ पिकल्यावर दोन दिवसही नीट थांबत नाही. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरांत किंवा पुरंदर तालुक्यात हंगाम भरात असताना टोपल्याच्या टोपल्या एकाच दिवशी मऊ होतात आणि गाडी चुकली की त्या दिवसाचा माल गेला. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले. परंतु नावलौकिकाने फळाचा टिकाऊपणा वाढत नाही. म्हणून या फळाला गोठवणीचा जेवढा उपयोग आहे तेवढा क्वचितच दुसऱ्याला असेल.

डोळे उघडलेले, हाताला मऊ लागणारे पण साल न फाटलेले फळ घ्यावे. धुऊन, कोरडे करून ते हातानेच फोडावे आणि चमच्याने गर काढताना सालीलगतचा रवाळ थर सालीलाच राहू द्यावा, कारण तो गरात आला तर दाताखाली कचकचतो. बिया वेगळ्या करण्यासाठी गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर हलक्या हाताने फिरवावा. बियांसह गर मिक्सरमध्ये फिरविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सीताफळाच्या बियांतील द्रव्य विषारी असते व त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. उवांसाठी ही पूड लावताना डोळ्यांना अपाय झाल्याची उदाहरणे वैद्यकांना परिचित आहेत.

हे सर्व काम त्वरेने करावे. गर काळा पडू नये म्हणून किलोस अर्धा ते एक ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, चमचाभर पाण्यात विरघळवून मिसळावे. लिंबाच्या रसानेही काम भागते, पण तो या फळाच्या चवीला मानवत नाही. एका वेळी आठ-दहा फळांचाच गर काढून पिशवी भरावी, मग पुढची फळे घ्यावीत. सालीबियांसह असलेल्या वजनाच्या निम्माही गर कित्येकदा हाती येत नाही, हे ध्यानात ठेवून आधी हिशेब करावा. रबडी व आइस्क्रीम करणाऱ्यांकडून अशा गरास मागणी असते. मात्र विक्रीसाठी गर काढावयाचा झाल्यास अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी लागते.

इतर फळे

जांभळाचा गर बी काढून, महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी देठ काढून अख्खी, आणि कापा फणसाचे गरे आठळी काढून उत्तम गोठतात. पेरूचा गर चाळून ठेवावा. केळे सोलूनच गोठवावे. सालीसकट ठेवल्यास साल काळी पडते व नंतर सोलणे कठीण होते. वितळलेले केळे शिकरणास किंवा दुधात घोटण्यास चालते, नुसते खाण्यास नव्हे. चिकूचा स्वाद उतरतो व रंगही तपकिरी होतो. कलिंगडाच्या फोडी गोठवू नयेत.

वीज गेली तर

या पद्धतीचे खरे दुबळे स्थान विजेत आहे, आणि कोकणात फळ साठविण्याचे दिवस व वादळाचे दिवस एकमेकांस लागूनच येतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा रायगड व उत्तर रत्नागिरीतील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. बागा तर मोडल्याच, आणि घरात जे जपून ठेवावयाचे तेही अशा वेळी हातचे जाते. यास्तव घरची सर्व फळे एकाच मार्गाला लावू नयेत. ऊन आहे तोवर काही साठे घालावीत, काही रस आटवावा, आणि उरलेला गोठवावा.

स्वतंत्र फ्रीजर गच्च भरलेला असून दार उघडले नाही तर त्यातील माल सुमारे अठ्ठेचाळीस तास, अर्धा भरलेला असल्यास चोवीस तास गोठलेला राहतो. शीतकपाटाचा लहान कप्पा एवढा वेळ टिकाव धरीत नाही. मोकळी जागा पाण्याच्या बाटल्यांनी, त्याही काठोकाठ न भरता, व्यापून ठेवावी. तो बर्फ अडचणीच्या वेळी थंडीचा साठा ठरतो. दार वारंवार उघडून पाहणे हेच अशा वेळी सर्वांत घातक असते. घर बंद करून गावी जाताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे तळाशी दिसले तर मध्यंतरी सर्व वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे.

वीज आल्यानंतर ज्या पिशवीत अद्याप बर्फाचे कण हाताला लागतात ती पुन्हा गोठविण्यास हरकत नाही, मात्र तिचा पोत उतरतो. जो आंब्याचा रस पूर्ण वितळला पण गार व वासाला शुद्ध आहे, तो त्याच दिवशी आटवून घ्यावा. सीताफळाचा वितळलेला गर आंबट नसल्याने त्यात जंतू लवकर वाढतात; तो तत्काळ संपवावा, नाही तर टाकावा. पिशवी फुगली असेल किंवा वास आंबूस असेल तर विचार करीत बसू नये.

वितळविणे

गोठवलेली पिशवी आदल्या रात्री शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात आणून ठेवावी, म्हणजे सकाळी ती तयार असते. घाई असल्यास बंद पिशवी गार पाण्यात ठेवावी. ओट्यावर दिवसभर ठेवणे किंवा गरम पाण्यात बुडविणे योग्य नव्हे. बाहेरचा भाग नासू लागतो तेव्हा आतला अजून बर्फच असतो. फोडी पूर्ण मऊ होण्याआधी, थोडा बर्फ असतानाच वाढाव्यात. रस एकदा वितळला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, संपवावा. पिशव्यांवरच्या तारखा पाहून जुन्या आधी काढाव्यात, आणि मार्चमध्ये नवा आंबा दिसू लागण्यापूर्वी कप्पा रिकामा करून, बर्फ उतरवून, सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडा करून ठेवावा.